पेटी विकू नका

बेळगाव,
२० सप्टेंबर

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

गणपतीला एकच दिवस आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परतले, याचं आईला वाईट वाटलं हे मला कळलं. निघताना तू काही बोलली नाहीस, नुसत्या डब्यात करंज्या भरत राहिलीस. पण आज पत्र लिहितेय ते दुसऱ्याच कारणानं. परवा फोनवर तू हळूच सांगितलंस की बाबा हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकायची म्हणतायत. तेव्हापासून दुसरं काही डोक्यात येत नाही. फोनवर बाबा दोन वाक्यांत विषय संपवतात, म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. मध्येच ते उठून परड्यात गेले तर थांब, आले की पुढचं वाच.

बाबा, पेटी विकू नका. आणि येत्या गुरुवारी माझ्याबरोबर बेळगावला चला, दोघंही, आठ दिवसांसाठी. कशाला, ते सांगते.

आमच्या कॉलेजची मुलं यंदा विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका करतायत. तीस मिनिटांचा खेळ. त्यांच्यातल्याच एका मुलीनं लिहिलाय. चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या काठावर गाव तिचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ती शाळेत होती. त्या महिन्यात आपण खानापूरच्या पुलावरून मलप्रभा बघितली होती, आठवतंय ना? तिच्याकडे पाणी घरातच आलं. तिच्या खेळातली आजी पाणी ओसरल्यावर छावणीतून परत येते. मातीच्या भिंती विरघळून गेल्यात, कौलं चिखलात, आणि दाराची चौकट तेवढी दारासकट उभी आहे. आजी रोज तिन्हीसांजेला त्या दाराला कडी लावते. भिंती नाहीत, छप्पर नाही, तरी कडी लावते. पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही.

याचं नेपथ्य मी दुसऱ्या वर्षाच्या डिझाइनच्या वर्गाला गृहपाठ म्हणून दिलं. आधी रंगमंचाचा आराखडा, अर्ध्या इंचाला एक फूट या मापानं. तीस फूट रुंद, वीस फूट खोल स्टेज कागदावर पंधरा इंच बाय दहा इंच होतं. मग पुठ्ठ्याचं मॉडेल. मॉडेलमध्ये पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीच्या जागी टाचणी टोचायची, तिला दोरा बांधायचा आणि ताणून बघायचं, चौकटीच्या आड आजी झाकली जाते का. दोरा पुठ्ठ्याला अडला की चौकट सरकवायची. मुलं या खेळात रमतात. बाबा, तुम्ही एक डोळा मिटून रंधलेली फळी लांबवर धरून बघायचात ना, तसंच हे.

दार कुठल्या बाजूला उघडायचं यावर दोन तास गेले. नाटकात साधारणपणे दार विंगेकडे, म्हणजे बाहेरच्या अंगाला उघडतं. नट आत येताना झाकला जाऊ नये आणि मागचं काही दिसू नये म्हणून. पण आपल्या गावांत दारं घरात उघडतात. आणि इथं तर भिंतीच नाहीत, प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसणार. शेवटी लिहिणारी मुलगी म्हणाली, "आजी दार आपल्याकडे ओढून घेते. ढकलत नाही." त्यावर ठरलं.

मॉडेल सुंदर झालं. मी आराखड्यावर सही केली. प्लायवूड, पाइनच्या पट्ट्या, कोपऱ्यात लोखंडी अँगल आणि स्क्रू. मुलांनीच सगळं जोडलं, किंदळाच्या लाकडासारखा रंग काढला, दहा फुटांवरून खरं वाटेल इतका.

मागच्या शनिवारी तालमीत आजीचं काम करणाऱ्या मुलीनं दार ओढलं, कडी घातली, आणि अख्खी चौकट तिच्या अंगावर आली. खानापूरचा एक मुलगा विंगेत उभा होता, तो धावला आणि त्यानं खांद्यावर झेलली. खांदा सुजलाय, हाड शाबूत आहे. त्याची आई भेटायला आली तेव्हा तिच्याकडे बघायचं मला धाडस होईना. सही माझी होती.

रात्री सगळे गेल्यावर मी एकटी ती चौकट जमिनीवर आडवी ठेवून बसले. सुतळीनं दोन्ही कर्ण मोजले, तुम्ही मोजायचात तसे. पाऊण इंचाचा फरक, म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते. स्क्रू पट्टीच्या तोंडात, रेषेच्या दिशेनं मारलेले. तसा स्क्रू लाकूड धरत नाही, हे तुम्ही मला चौथीत असताना सांगितलेलं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे खाली उंबराच नव्हता. नटांना ठेच लागू नये म्हणून मुलांनी तो काढला आणि मी होकार दिला. उभ्या दोन बाह्या, वर आडवी गणेशपट्टी. मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "तीनच लाकडं गं. मग हिला चौकट कशी म्हणायची?"

बाबा, मी मुलांना रेषा शिकवते, माप शिकवते, उजेड कुठून टाकायचा ते शिकवते. चौकटीच्या मागून एकच दिवा जमिनीलगत लावला की तिची सावली प्रेक्षकांच्या पायापर्यंत लांबते, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. पण लाकूड लाकडाला कसं धरतं, हे मी त्यांना शिकवू शकत नाही. मला ते बघून माहीत आहे, हातानं माहीत नाही. आणि इथली अडचण अशी की तुमच्या घरच्यासारखी जड चौकटही चालणार नाही. स्पर्धेत मांडायला मोजकी मिनिटं मिळतात. एकाचा खेळ संपला की लगेच दुसऱ्याचा. चार मुलांनी सुटी लाकडं आत न्यायची, उभी करायची, खेळ संपला की सोडून न्यायची. उभी असताना मात्र हलता कामा नये.

हे काम तुम्ही आयुष्यभर केलंय. यात्रेतल्या नाटकाचं स्टेज तुम्हीच बांधायचात. एकही खिळा न मारता. एका लाकडाचं बारीक केलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकातून आरपार काढायचं आणि बाहेर आलेल्या टोकात पाचर ठोकायची. ठोकली की घट्ट, उलट बाजूनं दोन घाव घातले की मोकळं. पहाटे नाटक सुटायचं आणि उजाडेपर्यंत सगळी लाकडं परत बैलगाडीत.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. तिसऱ्या अंकात मधली एक फळी करकरायला लागली. लोक हसायला लागले, नायिका रडत होती आणि तिच्या पायाखाली फळी कुरकुरत होती. तुम्ही उठलात आणि स्टेजखाली शिरलात. आईनं थोड्या वेळानं मला चहाचा ग्लास देऊन तुमच्याकडे पाठवलं. मी रांगत आत आले. तुम्ही पाठीवर निजला होता, दोन्ही हातांनी पाचर फळीखाली दाबून धरलेली. वरून फटींतून उजेडाच्या पट्ट्या तुमच्या अंगावर पडत होत्या आणि प्रत्येक पावलाला धूळ झरत होती. चहा मी धरूनच बसले, कारण तुमचे हात मोकळे नव्हते. अंक संपेपर्यंत तुम्ही पाचर सोडली नाही. वर टाळ्या पडल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "वाजली नाही ना?" नेपथ्य या विषयातलं मी पहिलं जे शिकले ते तिथं. पुढे एक वर्ष हेग्गोडूला नीनासम या नाट्यसंस्थेत राहून कानडीतून नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं, तेव्हाही मला त्या फटींतला उजेड आठवायचा. गेल्या आठवड्यात मुलांना हे सांगितलं. तेव्हापासून ती विचारतायत, "मॅडम, बाबा येणार की नाही?"

आई, तू विचारलंस की इंटिरियर शिकायला आलेल्या पोरांना नाटकाचा काय उपयोग. तुला गुर्लहोसूर माहीत आहे, सौंदत्तीकडचं. त्या एका गावात दोन किर्लोस्कर जन्मले. अण्णासाहेब १८४३ साली. त्यांनी १८८० मध्ये पुण्याला 'संगीत शाकुंतल' उभं केलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. दुसरे लक्ष्मणराव, १८६९ चे. ते चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना ओळखू येईनात, तेव्हा यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, ते शिकवलंही, आणि मग आपल्या बेळगावात येऊन सायकलचं दुकान घातलं. पुढे लोखंडी नांगर आणि बाकी सगळं. आपल्या विहिरीवरचा पंप त्यांच्याच कारखान्याचा. एका गावात नाटक आणि ड्रॉइंग शेजारी शेजारी वाढलं. वर्गात सौंदत्तीची तीन मुलं आहेत, त्यांना हे ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तू बघायला हवं होतंस.

भाषेवरूनही सुरुवातीला कुरबुर झाली. खेळ मराठीत का, कानडीत का नाही. मी त्यांना सांगितलं की सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. मराठी नाटक जन्मलं तेच असं. मग मुलांनी आपसात ठरवलं: आजी मराठीत बोलेल, पंचनाम्याला आलेला माणूस कानडीत, आणि कुणी कुणाला भाषांतर करून सांगणार नाही. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. आपल्या बाजारात रोज हेच तर चालतं.

आता हाताचं. बाबा, तुमचा उजवा हात थरथरतो, पटाशी नीट बसत नाही, म्हणून तुम्ही दोन वर्षं पेटी उघडली नाही, हे मला माहीत आहे. दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघता, तेही आई सांगते. पटाशी तुम्ही धरायची नाही. धरायला वीस पोरं आहेत. तुम्ही खुर्चीत बसा आणि ऐका. पटाशीवर हातोडा पडला की लाकूड तुटतंय की कापलं जातंय, ते तुम्ही पाठमोरे असतानाही ओळखायचात. रंध्याच्या आवाजावरून पातं किती बाहेर आलंय ते सांगायचात. कुसू भोकात बसवताना किती सैल ठेवायचं, पावसाळ्यात लाकूड फुगतं त्याला दाराखाली किती फट सोडायची, हे सगळं तुमच्याजवळ आहे आणि एकाही पुस्तकात मला ते तसं सापडलं नाही. पेटी भंगारात गेली तर तिच्याबरोबर हेही जाईल. भंगारवाला लोखंडाचा भाव देईल. त्या रंध्याच्या मुठीला तुमच्या तळव्याचा खळगा पडलाय, बाबा.

आई, तूही लागणार आहेस. आजीचं काम करणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. उंबऱ्यावर बसते छान, पण उठते ती ताडकन, तरण्या पोरीसारखी. तू कशी उठतेस ते तिला दाखव. आधी डावा हात बाहीवर टेकतेस, मग गुडघ्यावर उजवा, थोडं थांबतेस, मग "पांडुरंगा" म्हणून उठतेस. मी तिला करून दाखवलं, पण माझं उठणं तुझी नक्कल वाटतं. तुझं जुनं इरकली लुगडंही आण, मऊ पडलेलं, निळ्या अंगाचं. नवीन कापड दिव्याखाली ओरडतं. आणि तू हात टेकलास की चौकटीनं तुझा भार घ्यायला हवा. बाबांनी जमवलेली चौकट तुझ्या हाताखाली हलली नाही, तर त्या मुलीच्या हाताखाली हलणार नाही.

उंबरा परत घेतलाय. लिहिणाऱ्या मुलीनं त्यावर एक प्रवेश वाढवला. आजी चिखल धुऊन त्याला हळदी-कुंकू लावते आणि मगच कडी घालते. आता तो खेळातला सगळ्यात चांगला प्रवेश झालाय. ठेच लागायची भीती होती, तर मुलं आता पाऊल उचलून, जरा थबकून आत येतात. घरात येतात तसे.

मी गुरुवारी सकाळी नऊपर्यंत गाडी घेऊन नंदगडला पोचते. बाबांची बीपीची गोळी आणि चष्मा विसरू नका. पेटीतलं गुण्या, खतावणी, गिरमिट, तिन्ही पटाश्या आणि मोठा रंधा एवढं तरी हवंच. शक्यतो अख्खी पेटीच नेऊ. माळ्यावरून ती काढायला बाबांनी चढू नये. शेजारच्या कुणालाही उतरवायला सांगू नका. मी आले की उतरवते.

तुमची
धाकटी