माझा विषय मी सोडलेला नाही

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. आपल्यामागे व्याप मोठा आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र एका पानात आटपायचं असं ठरवून बसले होते. गेल्या मंगळवारी कॉलेजच्या ऑफिसात जे घडलं तेवढं सांगायचं आणि दोन विनंत्या करायच्या. पण लिहायला लागले तर सगळंच वर येतंय, त्याला माझा इलाज नाही.

मंगळवारी मी ॲडमिशन घ्यायला गेले. बाबूंनी खिडकीतून एक छापील कागद सरकवला. वर लिहिलं होतं 'विषय बदलण्याबाबत विनंती अर्ज'. संगीताच्या जागी समाजशास्त्र किंवा गृहअर्थशास्त्र, हव्या त्यावर खूण करायची. मी म्हटलं, मी कुठे विषय बदलतेय? ते म्हणाले, "संगीत बंद झालं ना व बाई यंदापासून. मॅडम रिटायर झाल्या, जागा भरली नाही, तासिकेवर पण कोणी भेटलं नाही. सही कर न् जाय, मागं लाइन हाय." कागदावर 'कारण' असा एक रकाना होता. तो आधीच टाइप केलेला होता : 'वैयक्तिक कारणास्तव'.

मंत्रीमहोदय, माझं कोणतं वैयक्तिक कारण? मी आजारी नाही, माझं लग्न ठरलेलं नाही, मी नापास झालेली नाही. संगीतशास्त्राच्या पेपरला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला आहेत. जागा भरणं ज्यांचं काम त्यांनी ती भरली नाही, आणि कारण मात्र माझ्या नावावर! मी सही केली नाही. कागदाची घडी करून वहीत ठेवली आणि साडेचारची एसटी धरली. रडू आलं ते घरी पोचल्यावर. गाडीत आवरलं होतं.

याच कॉलेजच्या स्नेहसंमेलनात जानेवारीत सत्ताधाऱ्यांपैकी एक मोठे पुढारी आले होते. मी खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन म्हटलं. ते खुर्चीवरून उठले, माईक घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले की या लेकरांची संगीताची जागा एक दिवससुद्धा रिकामी राहणार नाही, मी स्वतः मंत्रालयात पाठपुरावा करतो. मंडप टाळ्यांनी दणाणला. मला शाल-श्रीफळ दिलं. शाल आता आजी पांघरते. शब्दाचं काय झालं हे विचारायला मी बाबांना घेऊन त्यांच्या संपर्क कार्यालयात दोनदा गेले. एकदा साहेब मुंबईला होते, एकदा दौऱ्यावर. 31 मेला मॅडम निवृत्त झाल्या आणि जागा रिकामी झाली ती झालीच.

तबल्याच्या साथीदाराची जागा तर त्याआधीपासूनच रिकामी आहे. दोन वर्षं आम्ही मोबाइलमधला तबला लावून तीनतालाची तयारी केली. मॅडम हाताने टाळी-खाली दाखवायच्या, फोनची बॅटरी उतरली की टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या. विद्यार्थी कमी म्हणून वर्कलोड, म्हणजे एका शिक्षकापुरते तास, बसत नाही, आणि वर्कलोड बसत नाही म्हणून माणूस मिळत नाही, असं आम्हाला सांगतात. अहो, पण ज्या वर्गात तबलजी नाही आणि पुढच्या वर्षी मास्तर असेल का याची खात्री नाही, तिथे मुलं येणार कशी? पहिल्या वर्षाला आम्ही 19 होतो, दुसऱ्याला 11 उरलो. ही गळती मुलांची नाही, तुमच्या कारभाराची आहे.

आमच्या गावापासून कॉलेज 41 किलोमीटर. जाऊन-येऊन 82. वर्षाला 180 दिवस धरले तर दोन वर्षांत 29 हजार 520 किलोमीटर झाले. एवढ्यात पृथ्वीला जवळजवळ पाऊण फेरी होते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी अलीकडेच थांबायची, मग चप्पल हातात घेऊन फाट्यापर्यंत चिखलातून चालत. घरी पेटी नव्हती. बाबांनी पहिल्या वर्षी सव्वा क्विंटल कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, 6,800 च्या भावाने दिला आणि साडेआठ हजारांची जुनी पेटी आणली. तिचा एक स्वर अडकतो, भाता थोडा फाटका आहे. त्या कापसाचे पैसे खताच्या उधारीला लागणार होते. बाबांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. काकांनी काढला : "सारेगम शिकून काय भेटते तुले?" यंदा विषयच बंद झाला म्हटल्यावर घरात पुन्हा स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. समाजशास्त्राशी माझं भांडण नाही. पण तो माझा विषय नव्हे.

आपल्याला वाटत असेल की ही मुलगी गाण्याच्या हौसेपायी एवढी भांडतेय. गाण्याच्या हौसेला भजनी मंडळ पुरतं, ते आमच्या गावात आहे. मी शिकते ते शास्त्र. पहिल्या वर्षी मॅडमनी एक फळी आणली होती. दोन टोकांना खिळे, मधे तार ताणलेली, तारेखाली घोडी म्हणून लाकडाचे दोन तुकडे. त्या दोन तुकड्यांत शिंप्याच्या टेपने मोजून बरोबर 36 इंच. तार छेडली, म्हणाल्या, हा सा धरा. मग तिसरा तुकडा 24 इंचांवर सरकवून छेडली तर पंचम, म्हणजे प, निघाला. 27 वर मध्यम, म्हणजे म. 18 वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर, वरचा सा. आम्ही सगळ्या जणी वाकून त्या टेपकडे बघत होतो. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीत पारिजात'मध्ये वीणेच्या तारेचे असेच भाग पाडून स्वरांच्या जागा सांगितल्या, हे मॅडमनी नंतर सांगितलं. आधी कानाने ऐकवलं, डोळ्यांनी दाखवलं. बाबा धुऱ्यावर दोरी टाकून शेत मोजतात तसा स्वरही मोजता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी आजीच्या मागे लागले. आजी 78 वर्षांची, भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या तिच्या तोंडी आहेत. जातं अंगणात उलटं पडलंय, तरी ओवी म्हणताना तिचा उजवा हात आपोआप फिरतो. मी तिची एक ओवी भातखंडे पद्धतीने, म्हणजे स्वर चिन्हांनी लिहायच्या पद्धतीने, लिहायला बसले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब, हे सगळं येत होतं. पण आजीचा गंधार, म्हणजे ग, काही केल्या बसेना. शुद्ध लिहिला तर चढा होतो, कोमल लिहिला तर उतरतो. तो दोहोंच्या मधे कुठेतरी आहे आणि दर वेळी त्याच जागी आहे. वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "ही चूक आजीची नाही, चिन्हाची आहे. तिसऱ्या वर्षी हाच प्रोजेक्ट कर." तेच तिसरं वर्ष तुम्ही माझ्याकडून काढून घेतलं आहे.

ओवीचं महत्त्व मी आपल्याला सांगावं असं नाही. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. तो ग्रंथ चालुक्य राजा सोमेश्वराचा. नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला आमच्या बायकांचं कांडणाचं गाणं लिहून ठेवावंसं वाटलं. पुढे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीत रत्नाकर' लिहिला, तो देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना. साऱ्या हिंदुस्थानचे संगीताचे विद्वान आजही ज्या ग्रंथापाशी जातात तो या महाराष्ट्राच्या मातीत लिहिला गेला. आणि हे शार्ङ्गदेव दरबारात काय होते? राज्याचे हिशेबनीस! खजिन्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने सात अध्यायांचं संगीतशास्त्र लिहिलं. इथे एका मास्तराची जागा भरायची तर सगळा हिशेब आडवा येतो.

पुण्याच्या बाजूला गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी माणसं जोडून गावोगाव एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. केवढं काम! आमच्याकडेही गाण्या-नाचाचे किती प्रकार : डहाक्याची रात्र आहे, कोलामांचा ढेमसा आहे, खडी गंमत आहे, झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, दंडार आहे, पोळ्याच्या झडत्या आहेत. त्यांचं स्वरलेखन करायला कोण येणार? मुंबईहून कोणी आलं तरी त्याला आजीची बोली कळायची नाही, आणि आजी त्याच्यापुढे तोंड उघडायची नाही. हे काम इथल्या पोरीपोरांनीच करायचं आहे, आणि तेही आत्ता. आजीचे पुढचे दात गेल्यापासून काही शब्द तिचे तिलाच लागत नाहीत.

काकांच्या प्रश्नाचंही उत्तर देते, कारण आपल्या अधिकाऱ्यांच्या मनात तोच प्रश्न असणार. संगीत विषयात प्राध्यापकीसाठीची नेट होते, सेट होते. आकाशवाणी आहे, शाळा आहेत, संग्रहालयं आहेत. पण समजा नोकरी नाही मिळाली, तर समाजशास्त्र घेतलेल्या माझ्या गावच्या चार पोरांना कुठे मिळाली? ते चौघं पानठेल्यावर बसून पोलीस भरतीची वाट बघताहेत. नोकरीचा हिशेब एकट्या संगीतालाच का मागता?

मुंबईला लताबाईंच्या नावाने आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय झालं. व्हायलाच पाहिजे होतं. आम्हाला आंतरराष्ट्रीय नको. आम्हाला एक मास्तर आणि एक तबलजी पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको. आमच्याकडे भिंत पाडलीत ती वर्गाचीच.

आणि विद्यापीठांची नावं तरी एकदा मनाशी उच्चारून बघा. अमरावतीचं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं. एकाने 'गोपाला गोपाला' म्हणत कीर्तनातून गावं झाडली, दुसऱ्याने खंजिरी हातात घेऊन ग्रामगीता घरोघर पोचवली. दोघांनी गाऊन शिकवलं. त्यांची नावं कमानीवर, आणि त्याच कमानीखालच्या कॉलेजात गाण्याचा विषय बंद! मला हे लिहिताना संताप येतो. शब्द जास्त झाले असतील तर झाले.

खैरागडची गोष्ट मॅडमनी सांगितली होती. तिथल्या राजा-राणीने आपल्या गेलेल्या लेकीच्या, इंदिरेच्या, नावाने राजवाडा दिला आणि 14 ऑक्टोबर 1956 ला संगीताचं आख्खं विद्यापीठ उभं राहिलं. त्याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. तेव्हा खैरागड आणि आमचं यवतमाळ एकाच राज्यात होतं, जुन्या मध्य प्रदेशात, आणि राजधानी होती नागपूर. पुढे अठरा दिवसांत, 1 नोव्हेंबरला, राज्यांच्या सीमा बदलल्या. संगीताचं विद्यापीठ तिकडे राहिलं, आम्ही इकडे, मुंबई राज्यात म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, आलो. आज ते छत्तीसगडात आहे. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिथे जायचं म्हणतेय, तिचे वडील नोकरीत आहेत. माझे बाबा हॉस्टेलचा खर्च उचलू शकत नाहीत, आणि मी त्यांना उचलायला लावणारही नाही.

इकडे येताना आम्हा विदर्भवाल्यांना काय सांगितलं होतं? बाबांना तारखा पाठ आहेत. 28 सप्टेंबर 1953, नागपूर करार. नोकऱ्यांत, खर्चात, शिक्षणाच्या सोयींत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. मग विदर्भासाठी वेगळ्या विकास मंडळाची सोय करणारं राज्यघटनेचं 371 कलम. मग अनुशेष, म्हणजे मागे राहिलेली कामं, मोजणारी दांडेकर समिती, मग 1994 चं विदर्भ विकास मंडळ, मग समतोल विकासासाठीची केळकर समिती. 30 एप्रिल 2020 ला मंडळाची मुदत संपली. अनुशेष म्हटला की लोक सिंचनाचा आणि रस्त्यांचा मोजतात. रिकाम्या वर्गांचा कोणी मोजत नाही. दर डिसेंबरला नागपुरात अधिवेशन भरतं, तेव्हा रस्ते धुतात, झाडांना चुना लावतात. पोरांच्या वर्गात मास्तर आहे का, हे बघायला त्यातलं कोणी गाडी वळवत नाही. मी वीस वर्षांची आहे. करार झाला तेव्हा माझी आजी लहान पोर असेल. तिच्यापासून माझ्यापर्यंत तुम्ही सगळे मिळून शब्दच देत आलात.

माझी मागणी एवढीच : आम्ही उरलेल्या 11 जणांचं तिसरं वर्ष संगीत विषयातच पूर्ण होऊ द्या. निवृत्त मॅडम तासिकेवर यायला तयार आहेत, मी त्यांच्या घरी जाऊन विचारून आले. त्यांना मान्यता द्या, आणि द्याल तर मानधन वेळेवर द्या. दुसरं, कायमची जागा आणि तबल्याची जागा, दोन्हींची जाहिरात काढा. तोवर या विषयाला नवीन प्रवेश थांबवू नका.

तो छापील कागद अजून माझ्या वहीत आहे, आजीच्या ओवीच्या पानात. 'वैयक्तिक कारणास्तव' मी पेनाने खोडलंय आणि वरच्या बाजूला लिहिलंय, 'शिक्षकाची जागा शासनाने भरली नाही.' सोमवारी तो ऑफिसात देणार आहे, आवक क्रमांक घालून घेणार आहे आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही. मागे लाइन असली तरी.

आपली,
बी.ए. तिसरे वर्ष
विषय : संगीत