बंदी हाउंडस्टोनवर नको, लास्ट रिस्पेक्ट्सवर हवी : लीगच्या नियमाविषयी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सहा-विरुद्ध-सहा सिंगल्स विभागात हाउंडस्टोनवर घातलेली बंदी आणि बॅस्क्युलिजनविषयी चालू असलेले मतदान

महोदय,

आपल्या कंपनीतर्फे चालवल्या जाणाऱ्या ऑनलाइन पोकेमॉन लीगचा मी वार्षिक वर्गणीदार असून सहा-विरुद्ध-सहा सिंगल्स विभागात (प्रत्येक खेळाडूचे सहा पोकेमॉन, मैदानात एका वेळी एकेकच) खेळतो. ‘बॅस्क्युलिजनवर बंदी घालावी काय?’ एवढा एकच प्रश्न असलेली मतपत्रिका आपण या आठवड्यात सर्व सभासदांना पाठवली आहे. या प्रश्नाला ‘होय’ म्हटले तर एक निरपराध पोकेमॉन बाद होतो आणि ‘नाही’ म्हटले तर लीगमधली बिघडलेली परिस्थिती तशीच राहते. म्हणून मत न देता ही लेखी तक्रार करीत आहे. बंदी हवी ती लास्ट रिस्पेक्ट्स या मूव्हवर (पोकेमॉन सामन्यात वापरतो त्या डावावर), ती वापरू शकणाऱ्या पोकेमॉनवर नव्हे, असे माझे म्हणणे आहे. चालू हंगामाच्या मध्यावर आपण ही मूव्ह वापरणाऱ्या हाउंडस्टोन या पोकेमॉनला बाद केलेत, तेव्हाच एवढा विचार झाला असता तर आज दुसऱ्या नावाने मतदान घेण्याची वेळ आली नसती.

हे पत्र नियम समितीकडे जाण्याआधी ज्यांच्या टेबलावर येईल त्यांना हा खेळ ठाऊक असेलच असे नाही, म्हणून मूळ मुद्दा मांडतो. लास्ट रिस्पेक्ट्स ही घोस्ट म्हणजे भूत प्रकारची मूव्ह 18 नोव्हेंबर 2022 रोजी प्रसिद्ध झालेल्या पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट या खेळांत प्रथम आली. तिची मूळ पॉवर (घावाचे बळ) 50 असते आणि आपल्या बाजूचा एकेक पोकेमॉन बेशुद्ध, म्हणजे सामन्यातून बाद, होईल तशी ती 50 ने वाढत जाते. पाच सहकारी पडून हाउंडस्टोन एकटा उरला की ती 300 वर पोहोचते. तुलनेसाठी सांगायचे तर एक्स्प्लोजन या मूव्हची पॉवर 250 आहे, पण ती मूव्ह वापरणारा स्वतः त्याच क्षणी बेशुद्ध होतो. इथे मात्र 300 पॉवरचा घाव घालून हाउंडस्टोन जागच्या जागी उभा असतो आणि पुढच्या फेरीत तोच घाव पुन्हा घालतो. नेम चुकण्याची भीतीही नाही, कारण अचूकता 100 टक्के आहे.

आता ज्याला आपण दोषी ठरवलेत त्या हाउंडस्टोनकडे पाहावे. त्याच्या मूळ आकड्यांची (एचपी म्हणजे प्राणबळ, हल्ला, संरक्षण, विशेष हल्ला, विशेष संरक्षण आणि वेग यांची) बेरीज 488 आहे, हल्ल्याचा आकडा 101 आणि वेगाचा 68. एवढ्या आकड्यांवर वरच्या विभागात कोणी त्याची दखलही घेतली नसती. वाळूचे वादळ असताना सँड रश या अंगभूत गुणाने म्हणजे अ‍ॅबिलिटीने त्याचा वेग दुप्पट होतो हे खरे, आणि टायरानिटार किंवा हिपाउडन सोबत असला की वादळ आपोआप सुरू होते हेही खरे. अशा वेळी वेगाऐवजी हल्ला वाढवणारा स्वभाव घेतलेला हाउंडस्टोनसुद्धा (मूळ आकड्यावरून सामन्यातला वेग काढल्यास) 470 वेगाने धावतो, तर ड्रॅगापल्टसारख्या चपळ पोकेमॉनचा वेग जास्तीत जास्त 421 भरतो. तरीही हवामानामुळे वेग दुप्पट होणारे पोकेमॉन या खेळात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर बंदी घालावी असे कोणी म्हणत नाही. वेगवान असून पुढे 300 ची मूव्ह हाती असणे, ही अडचण आहे.

तिचा परिणाम किती होतो ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. डोंडोझो हा या पिढीतल्या सर्वांत चिवट भिंतींपैकी, म्हणजे मार झेलणाऱ्या पोकेमॉनपैकी, एक. त्याचे एचपी आणि संरक्षण दोन्ही पूर्ण वाढवले, तरी पाच सहकारी पडलेल्या हाउंडस्टोनच्या एका लास्ट रिस्पेक्ट्सने, कोणतीही वस्तू हाती नसताना, त्याचे सुमारे 59 ते 69 टक्के एचपी जातात. डोंडोझोची अनअवेअर ही अ‍ॅबिलिटी समोरच्याने वाढवलेले आकडे विचारात घेत नाही. पण लास्ट रिस्पेक्ट्समध्ये हल्ल्याचा आकडा वाढतच नाही, मूव्हची पॉवर वाढते, त्यामुळे अनअवेअर इथे निरुपयोगी ठरते. स्वोर्ड्स डान्स या मूव्हने हल्ला वाढवून चढलेल्या शत्रूला रोखण्यासाठी खेळाडूंनी जी जी साधने जमवली, त्यांतली बहुतेक या एका मूव्हपुढे अशीच कुचकामी होतात.

आपण हाउंडस्टोनला काढले आणि मूव्ह ठेवली. मे 2023 मध्ये पोकेमॉन होम या साठवणीच्या सेवेमार्गे स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये आलेल्या बॅस्क्युलिजनलाही ती शिकता येते, आणि त्याचे आकडे हाउंडस्टोनपेक्षा सरस आहेत : बेरीज 530, नराचा हल्ला 112, एचपी 120. सोबतच्या पेलिपरने पाऊस पाडला की स्विफ्ट स्विम या अ‍ॅबिलिटीमुळे त्याचा वेग दुप्पट होऊन 510 च्या घरात जातो. पाऊस नको असेल तर त्याची दुसरी अ‍ॅबिलिटी अ‍ॅडॅप्टॅबिलिटी आहेच. स्वतःच्या प्रकारच्या मूव्हला एरवी दीडपट बळ मिळते, ते तिच्यामुळे दुप्पट मिळते. वरचाच डोंडोझो अशा बॅस्क्युलिजनपुढे उभा केला तर एका घावात त्याचे सुमारे 84 ते 99 टक्के एचपी जातात, आणि मैदानात आधी स्टेल्थ रॉक (उतरणाऱ्या पोकेमॉनला इजा करणारे दगड) लावलेले असून त्याचा फटका बसलेला असेल तर तो बहुतेक वेळा तिथेच संपतो. म्हणजे आपल्या बंदीने लीगमधून त्या मूव्हचा दुबळा वापरकर्ता गेला आणि तगडा राहिला.

घोस्ट मूव्ह नॉर्मल प्रकारावर चालत नाही आणि डार्क प्रकारावर अर्धीच चालते, मग सभासदांनी तसे पोकेमॉन घ्यावेत, असे आपल्या प्रतिनिधींनी मला लेखी कळवले होते. हाउंडस्टोनच्या बाबतीत या उत्तरात थोडे तथ्य होते. बॅस्क्युलिजन मात्र पाण्याचाही पोकेमॉन आहे. नॉर्मल प्रकारची ब्लिसी लास्ट रिस्पेक्ट्स झेलून दाखवील, पण तिच्या शारीरिक संरक्षणाचा मूळ आकडा अवघा 10 आहे. भर पावसात 120 पॉवरची वेव्ह क्रॅश ही पाण्याची मूव्ह तिच्यावर पडली की काय होते ते आपल्याच लीगमधील सामन्यांत वारंवार दिसले आहे. शिवाय घाईने पहिला घाव घालण्यासाठी ड्रॅगोनाइट ज्या एक्स्ट्रीम स्पीडवर अवलंबून असतो, ती मूव्ह घोस्ट पोकेमॉनला लागतच नाही.

पिछाडीवर पडलेल्या खेळाडूला सामन्यात परत येण्याची संधी असावी, म्हणून ही मूव्ह खेळात रंगत आणते, असेही त्याच उत्तरात म्हटले होते. संधी असावी याबद्दल दुमत नाही. प्रश्न तिच्या मापाचा आहे. कबड्डीत तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना चढाईपटूची पकड झाली तर एक गुण जादा मिळतो, म्हणून कोणी आपले गडी मुद्दाम बाद करून घेत नाही. पोकेमॉनमध्येही असे माप पाळलेले आहे. किंगॅम्बिटच्या सुप्रीम ओव्हरलॉर्ड या अ‍ॅबिलिटीचा विचार हुबेहूब हाच आहे : सहकारी पडेल तसे त्याच्या घावाचे बळ 10 टक्क्यांनी वाढते आणि पाच पडल्यावर 50 टक्क्यांवर थांबते. म्हणजे दीडपट. लास्ट रिस्पेक्ट्समध्ये तीच वाढ सहापट होते. त्यामुळे आपल्या लीगमध्ये हल्ली टीम बांधतानाच दोन-तीन पोकेमॉन बळी देण्यासाठी घेतले जातात. मेमेंटो किंवा फायनल गॅम्बिट वापरून ते स्वतःहून पडतात, आणि ज्याने आपले पाच पोकेमॉन जपून, विचारपूर्वक खेळवले त्याच्यापेक्षा ज्याने ते उधळले तो शेवटच्या टप्प्यात वरचढ ठरतो. आपला पोकेमॉन पडणे हे नुकसान असते, या गृहीतावर सिंगल्सचा सगळा विचार उभा आहे. ते गृहीतच मोडले तर सामन्यात डोके लढवण्याला अर्थ राहत नाही.

अधिकृत स्पर्धांत ही मूव्ह चालते, हे आपले तिसरे कारण. माझ्या मते सर्वांत फसवे कारण हेच आहे, कारण वरवर ते बिनतोड दिसते. अधिकृत डबल्स (एका वेळी दोन-दोन पोकेमॉन) स्पर्धेत खेळाडू सहा पोकेमॉन दाखवतो आणि त्यांतले चारच मैदानात आणतो. म्हणजे शेवटी उरलेल्याच्या मागे जास्तीत जास्त तीन पडलेले असतात आणि मूव्हची पॉवर 200 च्या पुढे जात नाही. खेळातल्या क्रमवारीच्या सिंगल्समध्ये तीनच पोकेमॉन उतरतात, तिथे ती 150 वर थांबते. आपल्या लीगमध्ये सहाच्या सहा उतरतात. ज्या बांधणीत मूव्हला आपोआप मर्यादा पडते त्या बांधणीचा दाखला, जिथे ती मर्यादा नाही अशा बांधणीला देता येत नाही.

सहा-विरुद्ध-सहाचा दाखलाच हवा असेल तर तो स्मॉगन या खेळाडूंनीच चालवलेल्या ऑनलाइन मंचाचा घ्यावा, कारण आपल्या नियमावलीचा मोठा भाग त्यांच्याच नियमांवरून घेतलेला दिसतो. तिथेही आधी हाउंडस्टोनवरच बंदी आली होती. पुढे बॅस्क्युलिजन आल्यावर बंदी मूव्हवर सरकवण्यात आली आणि हाउंडस्टोन मोकळा झाला. आपण त्यांच्या निर्णयाचा पहिला अर्धा भाग उचललात आणि दुसरा सोडून दिलात.

‘आज एक मूव्ह, उद्या प्रत्येक पोकेमॉनसाठी वेगळी अट, मग नियमावली कोण वाचणार?’ ही काही जुन्या सभासदांची शंका मला पूर्णपणे गैर वाटत नाही. 2011 मध्ये पाचव्या पिढीच्या खेळात स्मॉगनने ड्रिझल (पाऊस पाडणारी अ‍ॅबिलिटी) आणि स्विफ्ट स्विम एकाच टीममध्ये नकोत असा जोडनियम केला, त्यावर बराच वाद झाला होता आणि असे जोडनियम शक्यतो टाळावेत याच मताचा मी आहे. पण लास्ट रिस्पेक्ट्सवरील बंदी हा जोडनियम नाही. ती एका मूव्हवरची, एका ओळीत मावणारी, कोणालाही अपवाद न करणारी बंदी आहे. डगट्रिओ या पोकेमॉनच्या बाबतीत स्मॉगनने अरीना ट्रॅप ही, समोरच्याला माघार घेऊ न देणारी, अ‍ॅबिलिटी बाद करून डगट्रिओला राहू दिले, हे याच पद्धतीचे उदाहरण आहे. कसोटीही सोपी आहे. वादग्रस्त मूव्ह किंवा अ‍ॅबिलिटी काढून घेतल्यावर उरलेला पोकेमॉन सामान्य ठरत असेल, तर दोष त्या मूव्हचा किंवा अ‍ॅबिलिटीचा. फ्लटर मेन या पोकेमॉनचे विशेष हल्ला, विशेष संरक्षण आणि वेग हे तिन्ही आकडे 135 आहेत. त्याच्याकडून कोणतीही एक मूव्ह काढून घेतली तरी तो तेवढाच भारी राहतो, म्हणून त्याच्यावर आपण घातलेली बंदी योग्य आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. हाउंडस्टोन आणि बॅस्क्युलिजन या कसोटीवर सहज सुटतात.

मतदानाच्या पद्धतीवरही माझा आक्षेप आहे. आपल्या लीगमध्ये डबल्सचे आणि नवशिक्यांचे विभागही आहेत, आणि ज्यांनी सहा-विरुद्ध-सहाचा एकही सामना खेळलेला नाही अशा सभासदांनाही ही मतपत्रिका गेली आहे. स्मॉगनवर अशा मतदानाचा हक्क मिळवण्यासाठी आधी ठराविक दर्जा सामने खेळून सिद्ध करावा लागतो आणि बंदीसाठी नुसते बहुमत पुरत नाही, 60 टक्के मते लागतात. आपण तेवढे कडक व्हावे असा आग्रह नाही, परंतु निदान त्या विभागात खेळणाऱ्यांनाच विचारावे.

आता प्रत्यक्ष नुकसानीविषयी. आपल्या नियमानुसार हंगामाच्या आरंभी नोंदवलेली टीम हंगाम संपेपर्यंत बदलता येत नाही. हाउंडस्टोनवर बंदी आल्यावर ज्यांच्या टीममध्ये तो होता त्यांना (त्यांत मीही आलो) बदली पोकेमॉन घेण्याची परवानगी मागूनही मिळाली नाही, आणि तेव्हापासून आम्ही सहाविरुद्ध पाच पोकेमॉन घेऊन खेळत आहोत. समोर अनेकदा बॅस्क्युलिजन असतो आणि तीच मूव्ह वापरत असतो. वर्गणी सहा-विरुद्ध-सहा सामन्यांसाठी घेतलेली आहे. पाच पोकेमॉनवर खेळायला लावणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या अर्थाने सेवेतील त्रुटी ठरते, असे मला वाटते.

तेव्हा माझी विनंती अशी की, चालू मतपत्रिका मागे घ्यावी. लास्ट रिस्पेक्ट्सवर बंदी घालून हाउंडस्टोन आणि बॅस्क्युलिजन दोघांनाही खेळू द्यावे. ही बंदी पुढील हंगामाच्या आरंभापासून लागू करावी आणि तोवर बाधित सभासदांना सहावा पोकेमॉन नोंदवू द्यावा. मध्येच नियम बदलण्याची गरज पुन्हा पडली तर त्याची कारणे बदलाबरोबरच, सामन्यांच्या नोंदींसह प्रसिद्ध करावीत. यांपैकी सहाव्या पोकेमॉनची मागणी तातडीची आहे, कारण बाद फेरीचे सामने तोंडावर आहेत. ती मान्य करता येत नसेल तर हंगामाच्या उरलेल्या काळाची वर्गणी परत मिळावी. लेखी उत्तर बाद फेरी सुरू होण्यापूर्वी मिळाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन.

सोबत आपल्याच लीगमधील ज्या सामन्यांचा वर उल्लेख आला आहे त्यांची ध्वनिचित्रमुद्रणे आणि आपल्या प्रतिनिधींच्या उत्तराची प्रत जोडली आहे.

आपला,
सहा-विरुद्ध-सहा सिंगल्स विभागातील एक वार्षिक वर्गणीदार