पॉलीबाई, तुमच्या नोंदींसाठी

आदरणीय पॉली मरे बाईंना,
सादर नमस्कार.

तुम्ही २०१९ साली गेलात, म्हणून हे पत्र उघडंच लिहीत आहोत. अमेरिकेच्या ईशान्य भागात आज लाइमचा, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या जिवाणूच्या आजाराचा, रुग्ण समोर बसला की आम्ही जे प्रश्न विचारतो, त्यांतले बरेचसे मुळात तुमचे आहेत.

कनेटिकटमधल्या लाइम गावात तुम्ही, तुमचे यजमान आणि चार मुलं वर्षानुवर्षं आजारी पडत होतात. कधी ताप, कधी चट्टे, कधी सुजलेला गुडघा. डॉक्टरांनी तो मनाचा खेळ ठरवला, तरी तुम्ही लिहून ठेवणं सोडलं नाहीत: कोणाला, केव्हा, कुठला सांधा, शेजारीपाजारी आणखी कोण. १९७५ च्या ऑक्टोबरात तुम्ही राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलंत. ओल्ड लाइमच्या ज्युडिथ मेन्श यांनीही त्याच सुमारास तक्रार केली होती. मग येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी घरोघरी चौकशी केली. १९७७ च्या त्यांच्या अहवालात ५१ रुग्ण आहेत, त्यांतली ३९ मुलं. एकाच रस्त्यावर इतक्या मुलांना संधिवात होणं योगायोगाने शक्य नव्हतं. दुखणं उन्हाळ्यात सुरू होत होतं, आणि सुमारे चौथाई रुग्णांना आधी कातडीवर पसरत जाणारा लाल चट्टा आठवत होता. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीच्या पोटात या आजाराचा जिवाणू सापडला आणि १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण ऋतू, रान आणि कातडी यांची सांगड घालायला तुमच्या नोंदींनी सुरुवात झाली होती.

आजही सुरुवातीच्या चट्ट्याचं निदान त्याच तीन गोष्टींवर होतं, रक्ततपासणीवर नाही. हे रुग्णांना पटवणं सगळ्यांत कठीण जातं. गोचीड चावल्यावर ३ ते ३० दिवसांत चट्टा उठतो, हळूहळू पसरतो आणि ५ सेंटिमीटरच्या वर जातो. सहसा खाजत नाही, दुखत नाही. पुस्तकात दाखवतात तशी वर्तुळात वर्तुळं थोड्यांनाच दिसतात. बहुतेक चट्टे सरसकट लाल असतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तर जांभळट किंवा नुसते काळसर दिसतात. म्हणून ते गजकर्ण समजून मलम लावलं जातं आणि आठवडे वाया जातात. पेनाने कडेभोवती रेघ ओढा, तारीख टाका, दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा पाहा. रेघेबाहेर गेला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

चट्टा असताना रक्त तपासण्याची गरज नसते. शरीराने प्रतिपिंडं तयार करायला काही आठवडे लागतात, तोवर तपासणी ‘निगेटिव्ह’ येते आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. उलट, एकदा ‘पॉझिटिव्ह’ आलेली तपासणी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. म्हणून औषध लागू पडलं का हे पाहायला ती पुन्हा करू नये. आणि जो लाइमच्या प्रदेशात कधी गेलाच नाही, त्याच्या नुसत्या थकव्यासाठी ही तपासणी केली तर ‘पॉझिटिव्ह’ बहुधा खोटंच निघतं.

उपचार साधा आहे. चट्ट्यासाठी प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. ते चालत नसेल तर ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम तीनदा, १४ दिवस. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावं आणि अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. उन्हात कातडी भाजते, तेही आधी सांगावं. पहिल्या दिवशी काही जणांचा ताप वाढतो. ती औषधाची ॲलर्जी समजून गोळी बंद करू नये, डॉक्टरांना कळवावं. सांधा सुजला असेल तर गोळ्या २८ दिवस लागतात. चक्कर, धडधड, बेशुद्धी असेल तर आधी ईसीजी, कारण हृदयाचे ठोके अडू शकतात आणि त्यासाठी रुग्णालयातच राहावं लागतं. औषधं संपल्यावर काहींचा थकवा महिनोन्‌महिने राहतो. तो खरा असतो, तुम्हाला जे ऐकावं लागलं ते त्यांना ऐकवू नये. पण त्यासाठी महिनोन्‌महिने शिरेतून प्रतिजैविकं दिल्याने फायदा होत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. नळीतून होणारा जंतुसंसर्ग मात्र जिवावर बेतू शकतो.

आता ज्यांच्यासाठी हे मराठीत लिहिलं, त्यांच्याबद्दल. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्वेनियात मुलामुलींकडे आई-बाबा येतात ते नेमके उन्हाळ्यात. मे ते जुलै हा कोवळ्या गोचिडींचा काळ, आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. नातवंडांमागे गवतात फिरून आल्यावर दोन तासांत आंघोळ करावी, कपडे ड्रायरच्या कडक उष्णतेत १० मिनिटं फिरवावेत, आणि काखा, कानामागे, बेंबी, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, केसांची मुळं पाहावीत. वयस्कर माणसांना पाठ दिसत नाही, ती दुसऱ्याने पाहावी.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढावी. पिरगळू नये. व्हॅसलीन, रॉकेल, पेटती काडी काही नको, त्यात वेळ जातो आणि कातडीला इजा होते. तोंडाचा तुकडा राहिला आणि सहज निघत नसेल तर तसाच सोडावा. जिवाणू तिच्या आतड्यात असतो, तिथून लाळेत यायला साधारण एक-दीड दिवस लागतो, म्हणून लवकर काढण्याला एवढं महत्त्व. ३६ तासांहून जास्त चिकटलेली असेल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. तो डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आणि पुण्याला परतल्यावर तोंड वाकडं झालं, गुडघा टम्म फुगला, तर तिथल्या डॉक्टरांच्या मनात लाइम येणारच नाही. सिंधुदुर्गातले डॉक्टर माकडतापामुळे गोचीड ओळखतात, पण तो विषाणू, हा जिवाणू. औषधं वेगळी. म्हणून सामानात एक कागद ठेवा: कुठल्या राज्यात होतो, कुठल्या तारखा, रानात किंवा गवतात कधी गेलो, चट्टा होता का, आणि असल्यास त्याचा फोटो. पॉलीबाई, तुम्ही हेच लिहीत होतात. त्यासाठी मनापासून आभार.

आपले ऋणी,
अमेरिकेतले काही मराठी डॉक्टर