खोडलेल्या किमतीचा खरेपणा कोण तपासणार?

संपादक महोदय,

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की "जाहिरातींना भुलू नका, गरजेपुरतेच घ्या" असा सल्ला देणारी पत्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. सल्ला मनापासून दिलेला असतो, पण त्यातून सगळा भार ग्राहकाच्या डोक्यावर येतो. टीव्ही बंद ठेवा, पानभर 'महासेल' न वाचता उलटा, तरी जाहिरात सुटत नाही. ती वस्तूच्या खोक्यावरच छापलेली असते.

फोंड्यातल्या एका दुकानात मी मिक्सर बघत होते. खोक्यावर एमआरपी ८,९९९ रुपये, त्यावर लाल रेघ आणि शेजारी ४,४९९ चे स्टिकर. माझ्या पुढच्या जोडप्याने मोटर किती वॅटची, वॉरंटी किती वर्षांची, काही विचारले नाही. "अर्धे पैसे वाचतात" एवढ्यावर खरेदी झाली. यात त्यांना नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. आधी दिसलेला आकडा मनात ठाण मांडून बसतो आणि पुढचा भाव आपण त्याच्याशीच ताडून बघतो, हे मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. त्यांच्या प्रयोगात तो आकडा चाक फिरवून काढलेला होता, तरी लोकांचे अंदाज त्याच्याकडे झुकले. शिकलेसवरलेले, हिशेबी लोकही यातून सुटत नाहीत.

हा आकडा ठरवतो कोण? उत्पादक किंवा आयातदार स्वतःच. एमआरपीपेक्षा जास्त घेणे बेकायदा आहे, पण औषधांसारखे अपवाद सोडले तर एमआरपी किती फुगवून छापावी याला मर्यादा नाही. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या) बाजारात तोरिंजन, आंबाडे, सुपारीचे घोस घेताना आपण चार ठिकाणी विचारतो, घासाघीस करतो. तिथे भाव चढे असतात हे खरे, पण खोडलेली किंमत कुणी दाखवत नाही, म्हणून आपली पारख शाबूत राहते.

मोबाइलवरच्या खरेदीत "फक्त २ शिल्लक", "१० मिनिटांत ऑफर संपेल" अशी घाई केली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली, त्यात ही खोटी घाईही आहे. चांगले पाऊल आहे. पण ते ऑनलाइन व्यासपीठांपुरते. दुकानातल्या लाल रेघेला ते लागू होत नाही.

युरोपीय संघात मे २०२२ पासून नियम आहे: सवलत जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडेही हेच हवे. नियम केंद्राने करायचा, हे मान्य. पण तंबाखूच्या जाहिरातींवर गोव्याने १९९७ सालीच कायदा केला, केंद्राचा कायदा २००३ मध्ये आला. तेव्हा गोवा थांबला नव्हता. आताही सरकारने विधानसभेत ठराव करून ही मागणी दिल्लीला पाठवावी, आणि तोवर ग्राहक व्यवहार खात्याने चवथीच्या आधीच्या महिन्यात पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील मोठ्या दुकानांतल्या किमती नोंदवून त्या सेलच्या दिवसांत लोकांसमोर ठेवाव्यात.

एक ग्राहक, फोंडा