लकव्याच्या पेशंटला केसपेपरसाठी थांबवू नका

संपादक महोदय,
शेजारच्या काकांचं तोंड वाकडं झालं, हातातला चहाचा कप सुटला, तातडीने कॅज्युअल्टीत नेलं तर म्हणे आधी केसपेपर काढून आणा, हे फार चुकीचं आहे. लकव्याचा संशय आला की लगेच शुगर बघायला हवी (खूप उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात) आणि ताबडतोब सीटी स्कॅन, कारण मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय की रक्तस्राव झालाय हे नुसतं बघून कळत नाही आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात. ते तास पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथून मोजतात, मग नातेवाइकांना पहिला प्रश्न तोच विचारा ना! घरच्यांनीपण सीटीआधी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, सरळ १०८ ला फोन करावा.
– एक वाचक, सातारा