नदीकाठच्या जेवणाचे पैसे घेतले, त्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(सहल कंपनी), सोलापूर शाखा

दिनांक : ६ जानेवारी २०२५

विषय : बँकॉक सहलीत ठरलेलं नदीकाठचं शाकाहारी जेवण न दिल्याबद्दल आणि आईच्या ताटात मासळीचा अंश असलेले पदार्थ वाढल्याबद्दल तक्रार.

महोदय,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-अप्पांना घेऊन मी आपल्या बँकॉकच्या सहलीला गेलो होतो. विमान, हॉटेल, बस सगळं ठीक होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार एका संध्याकाळची आहे, आणि त्या संध्याकाळसाठीच आम्ही एवढ्या लांब गेलो होतो.

आई-अप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी अप्पांनी मिलमधल्या मित्राची सायकल मागून आणली आणि आईला डबलसीट हिप्परग्याच्या तलावावर नेलं. फडक्यात भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. पाण्याकडे बघत किती भाकरी खाल्ल्या ते कळलंच नाही, असं आई अजून सांगते. पन्नास वर्षांनी दोघांना पुन्हा एकदा पाण्याकाठी जेवू घालायचं, एवढंच माझ्या मनात होतं. हे सगळं मी आपल्या शाखेत बसून सांगितलं. तिथल्या मॅडमनी छापील कार्यक्रमावर बोट ठेवलं : 'चाओ फ्राया नदीकाठी, वाट अरुण मंदिरासमोर, सूर्यास्ताच्या साक्षीने शाकाहारी भोजन.' हे मूळ खर्चात धरलेलं नव्हतं. माणशी ४,५०० प्रमाणे तिघांचे १३,५०० रुपये मी वेगळे भरले. आम्ही लिंगायत, आई गळ्यात इष्टलिंग धारण करते, तिला अंड्याचा स्पर्शही चालत नाही, हे फॉर्मवर लिहून दिलं आणि ते वाचल्याची सही मागून घेतली.

आधी सूर्यास्ताचं सांगतो. डिसेंबरात बँकॉकमध्ये सूर्य सहाच्या आत मावळतो. आपल्याच कार्यक्रमात हॉटेलवरून बस सुटायची वेळ साडेसहा छापलेली आहे. म्हणजे तो सूर्यास्त रहदारीमुळे हुकला, पावसामुळे हुकला असं काही नाही. आपण तो आम्हाला विकला तेव्हाच तो दिसणार नव्हता. वाट अरुण मंदिर नदीच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे समोरच्या काठावर बसलं की सूर्य त्याच्यामागे उतरताना दिसतो. कार्यक्रमातलं वाक्य लिहिणाऱ्याला हे नक्की ठाऊक असणार. बसची वेळ ठरवणाऱ्यानं ते वाक्य वाचायची तसदी घेतली नाही.

बस थांबली ती ता तिएन घाटाच्या अलीकडच्या एका गल्लीत. दुसऱ्या मजल्यावर मोठा हॉल, तीन-चार सहलींची माणसं एकत्र, एसीचा गारठा. आमच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या दिसत होत्या. नदी कुठे आहे असं मी विचारलं, तर आपले टूर मॅनेजर म्हणाले, "पाच मिनिटांवर आहे सर, जेवण झाल्यावर चक्कर मारून या." अप्पांनी त्या दिवसासाठी नवा सदरा शिवून घेतला होता. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून खिडकीकडे पाठ करून बसले.

हेही मी सोडून दिलं असतं. जेवणाचं सोडणार नाही.

'शाकाहारी' अशी पाटी लावलेल्या टेबलावर कच्च्या पपईची कोशिंबीर, परतलेली पालेभाजी, एक रस्सा आणि भात होता. आईनं पालेभाजी आणि कोशिंबीर घेतली, चार घास खाल्ले. वासावरून मला शंका आली म्हणून वाढणाऱ्या मुलीला विचारलं. तिनं काही लपवलं नाही. कोशिंबिरीत नाम प्ला आहे, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, आणि वाळवलेली कोळंबी कुटून घातली आहे. पालेभाजीत कालवांचा सॉस. रश्श्याच्या वाटणात कोळंबीची पेस्ट. तिच्या दृष्टीनं मांसाचा तुकडा नाही म्हणजे ते चालण्यासारखं होतं. तिथलं स्वयंपाकघर या चवींवरच चालतं, तो त्यांचा दोष नव्हे. आमच्याबद्दल त्यांना सांगायचं काम आपलं होतं, आणि त्या मुलीला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं. मी तिला दोनदा विचारून खात्री केली.

आई उठली, चूळ भरून आली आणि पाण्याचा ग्लास समोर घेऊन बसून राहिली. टूर मॅनेजर जवळ येऊन म्हणाले, "आजी, नुसता सॉसच आहे, तेवढं चालतं." सत्तरीच्या बाईला, जी आयुष्यात लिंगपूजा केल्याशिवाय घास घेत नाही, तिला काय चालतं हे त्यांनी ठरवलं. रात्री अकराला हॉटेलच्या खोलीत आईनं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. 'सोबत खाद्यपदार्थ आणण्याची गरज नाही' असं आपल्या सूचनापत्रकात आहे. बरं झालं तिनं ते ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडलं त्यामुळे मला जास्त राग आला. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं मला दोन शब्द शिकवले. एक 'मांगसविरत'. नीट ऐकलं तर आपलंच मांस-विरती. पण त्यात अंडं चालतं. दुसरा 'जे'. त्यात मांस, मासे, अंडं काहीच नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. तिनं एका चिठ्ठीवर तो लिहून दिला. ती चिठ्ठी दाखवून उरलेले दोन दिवस आई पोटभर जेवली, रस्त्याकडेच्या गाडीवरसुद्धा. त्याच सकाळी थोड्याशा बाथमध्ये (तिथलं चलन) नावेनं नदी ओलांडून आम्ही वाट अरुणला गेलो. शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे फुलांसारखे बसवलेले आहेत, त्यांच्यावरून आई हात फिरवत राहिली. एका शब्दाची चिठ्ठी. बँकॉकला वर्षानुवर्षं माणसं नेणाऱ्या कंपनीला ती जमली नाही.

परत आल्यावर मी शाखेत दोनदा फोन केला. "अहो, परदेशात असं थोडंफार होतंच," असं उत्तर मिळालं. माझा फॉर्म कुठे आहे, हे कुणी सांगू शकलं नाही. माझ्याकडे त्याची प्रत आहे.

मला १३,५०० रुपये पूर्ण परत हवेत. ते पुढच्या सहलीत वळते करून घ्यायची माझी तयारी नाही. यापुढे शाकाहारी प्रवाशांची गरज थाई भाषेत लिहिलेलं कार्ड टूर मॅनेजरकडे असेल, आणि ज्या वेळेला सूर्य दिसणारच नाही त्या वेळेचा सूर्यास्त कार्यक्रमात छापला जाणार नाही, हे मला लेखी कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल करणार आहे. एवढ्या रकमेसाठी तिथे फी लागत नाही आणि माझ्याकडे दोन वर्षांची मुदत आहे, हेही मी विचारून ठेवलं आहे.

आईची माफी मात्र पत्रानं किंवा फोनवर नको. परत आल्यापासून ती सिद्धेश्वराला जाते, पण तळ्याच्या पायरीवरूनच हात जोडून माघारी येते, आत गाभाऱ्यापाशी जात नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अजून मन धजत नाही." चूक आपली होती, तिची नव्हती, हे आपल्यापैकी कुणीतरी आमच्या घरी येऊन तिच्यासमोर बसून सांगावं. सकाळी दहानंतर ती घरीच असते.

आपला,
(सही)
सहलीतील ग्राहक, सोलापूर

सोबत : पैसे भरल्याची पावती, छापील कार्यक्रम आणि सही असलेल्या फॉर्मची छायाप्रत.