चिऊला एवढं विचारा

ती. बाबांना सा. न.

फोनवर आई शेजारी बसून ऐकत असते, म्हणून हे कागदावर लिहितेय. चिऊ एम.एस्सी. केमिस्ट्रीला लागली याचा आनंद आहेच. पण तिने पाठवलेला लॅबमधला फोटो पाहिलात का? मोकळी ओढणी, पायात चप्पल आणि हातात सल्फ्युरिक ॲसिडची बाटली! वर लिहिलंय, "बघ ताई, सायंटिस्ट!"

इथे आमच्या कॅलिफोर्नियात, यूसीएलए विद्यापीठाच्या लॅबमध्ये २९ डिसेंबर २००८ ला एक अपघात झाला. दिवस नाताळच्या सुट्टीचे. २३ वर्षांची मुलगी टर्ट-ब्युटिललिथियम प्लास्टिकच्या सिरिंजने ओढत होती. हवा लागली की पेट घेणारं द्रव्य ते. दट्ट्या निसटला. अंगात सिंथेटिक स्वेटर होता आणि त्यावर लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. ती पगारी मदतनीस होती, म्हणून राज्याचं कामगार सुरक्षा खातं चौकशीला आलं, दंड झाला, प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. नुसती विद्यार्थिनी असती, तर ते खातं आलंच नसतं. मला हे फार लागतं. सातपूरला तुमच्या कारखान्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की निदान धावपळ तरी व्हायची!

टेक्सासमधल्या एका विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये दोघा विद्यार्थ्यांनी एक स्फोटक संयुग शंभर मिलिग्रॅमऐवजी दहा ग्रॅमच्या आसपास बनवलं. एकाची तीन बोटं गेली. शंभरची मर्यादा होती, पण तोंडी. कोणी कोणाला सांगितली, कोणाच्या लक्षात राहिली, याचा पत्ता नाही. तुमच्याकडे परमिटवर सही झाल्याशिवाय वेल्डिंग सुरू होत नसे. विद्यापीठात मात्र ठरवणारा, करणारा आणि सही करणारा एकच, तोही बाविशीतला, शोधनिबंध लवकर छापून यावा म्हणून रात्री जागणारा.

आमच्या लॅबमध्येही सगळं आलबेल आहे असं समजू नका. ऑनलाइन ट्रेनिंगचे व्हिडिओ पोरं दुसऱ्या खिडकीत क्रिकेट लावून 'बघतात'. मात्र एक गोष्ट मला मनापासून पटली. दर सोमवारी मीटिंगची सुरुवात 'थोडक्यात वाचलो' अशा किश्शांनी होते आणि त्यात कोणाला बोल लावत नाहीत. मागे पहिल्या वर्षाच्या एका मुलाने आमच्या सीनियरला भर कामात थांबवलं. फ्यूम हूडची, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची, सरकती काच छातीच्या वर गेली होती. सीनियरने काही न बोलता ती खाली ओढली आणि पुन्हा कामाला लागला. आपल्याकडे "तू कोण मला शिकवणारा?" झालं असतं.

चिऊला घाबरवू नका, नाहीतर ती काही सांगणारच नाही. कोट सुतीच घ्यायला लावा, नायलॉनचा अंगाला चिकटतो. केस बांधायचे, ओढणी काढून ठेवायची, संध्याकाळनंतर एकटीने थांबायचं नाही. गॉगल मी पाठवतेय. चष्म्यावरून बसेल असा मुद्दाम शोधलाय.

रविवारी ती घरी असेल तेव्हा एवढंच विचारा: लॅबचा मेन गॅसचा कॉक कुठे आहे, आणि डोळ्यांत काही उडालं तर कुठल्या नळाकडे पळायचं? उत्तर आलं नाही, तर सोमवारी प्रॅक्टिकलच्या आधी दोन्ही शोधून या म्हणावं.

आईला नमस्कार.

तुमची,
मीनल